चार टायर आणि माईच्या वजनाचं पोतं

गाडीचा जमिनीशी संबंध तळहाताएवढाच असतो, असं जाणते सांगतात. गाडी कितीही लांबरुंद असो, तिच्यात कितीही घोड्यांची ताकद असो, रस्त्याला ती टेकते चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी फार तर एका तळहाताएवढी. बाकीची सगळी गाडी, तिच्यातला माणूस, त्याचं शिक्षण, त्याचा हुद्दा नि त्याचा तोरा, हे सगळं त्या चार तळहातांवर तोललेलं असतं. तेव्हा ते तळहात कसे असावेत याचा विचार शहाण्याने आधी करावा, आणि जेवणखाण, आला-गेला, आईबाप यांचा विचार सवडीने करावा. माईच्या चिरंजीवांनी तसाच केला. त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं.

चिरंजीव विम्याच्या कचेरीत मोठ्या जागेवर. माणसाचं काय काय वाईट होऊ शकतं ते त्याला समोर बसवून समजावून सांगणं हा त्यांचा व्यवसाय, आणि त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यातूनच घरी ती शर्यतीच्या घाटाची गाडी आली. पिकल्या लिंबासारखी पिवळी, दोन दारांची, दोन माणसांची. (घरात माणसं पाच. पण अशी गाडी घेताना माणसं मोजायची नसतात, ताकद मोजायची असते.) जमिनीला ती इतकी लगटून होती की तिच्यात बसायचं म्हणजे आधी लोटांगण घालायचं नि मग पाय आत ओढून घ्यायचे. ताशी अडीचशेच्या वर पळते, असं तिच्या पुस्तकात छापलेलं होतं. गल्लीत जागोजागी गतिरोधक. प्रत्येकावरून ती तिरकी करून, पोट सांभाळत, पहिलटकरणीसारखी नेली जाई. दूधवाला सायकलवरून तिला ओलांडून पुढे जाई आणि जाता जाता घंटी वाजवी. वाजवू दे. ताकद दाखवतो तो उथळ, झाकून ठेवतो तो खानदानी.

अशा त्या गाडीचे टायर म्हातारे झाले.

झिजले नव्हते, गैरसमज नको. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, ते अजून जिथल्या तिथे होते. पण टायरचा जन्म कधीचा ते त्याच्या कडेवर छापलेलं असतं. आणि चिरंजीव ज्या वेगवान वाहनधारक मंडळाचे सभासद होते, त्या मंडळाचा ठरावच होता की वय झालं की रबर आतून कडक होतं, मग ते वापरलेलं असो की नसो. दिसायला धडधाकट, पण पकड गेलेली. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द अखेरचा. "दिसण्यावर जाऊ नका. वय झालं ना? मग काढा," असं ते म्हणत. चिरंजीवांनी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा माई भाजी निवडत बसली होती. तिने एकवार आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि भाजी निवडत राहिली.

आता माईचं काम काय अडलं होतं ते सांगायला हवं.

माईची थोरली बहीण अक्का. ती दुसऱ्या गावी राहायची, बसने दीडेक तासावर. अक्का घर आवरून समुद्रापलीकडे लेकीकडे कायमची निघाली होती. दोघींची वयं पाहता कायमची म्हणजे काय ते दोघींना कळत होतं, म्हणून त्या दोघी त्यावर बोलत नव्हत्या. बोलत होत्या गाडीवर.

"लेकाने गाडी घेतली म्हणतेस," अक्का फोनवर म्हणाली, "तिच्यात तुला जागा आहे का गं? का तू मागून धावतेस?"

"तुझ्या दारात उतरेन ती त्याच गाडीतून," माई म्हणाली. "नाहीतर येणारच नाही."

शब्द गेला. आता बसने जायचं म्हणजे आपलं नाक आपणच कापून पदरात बांधून न्यायचं. माईने सगळं आयुष्य पदराला गाठी मारून काढलं होतं, पण त्यात नाक कधी बांधलं नव्हतं.

चिरंजीव आईच्या शब्दाबाहेरचे नव्हते. "नेणार म्हणजे नेणार," ते म्हणाले. "पण या टायरवर? मला माझी आई जड झालीय का? आधी टायर बघू."

टायर बघणं म्हणजे दुकानात जाऊन टायर बघणं, असं अडाण्यांना वाटतं. माईलाही वाटलं. पण ती एक रीतसर प्रक्रिया आहे. प्रथम जात ठरवायची. उन्हाळी, हिवाळी आणि बारमाही, अशा टायरच्या मुख्य जाती. "बारमाही घे की," माई म्हणाली, "आपण बारा महिने इथंच असतो." त्यावर चिरंजीव खिन्नपणे हसले. बारमाही टायर म्हणजे सगळ्यांशी गोड बोलणारा माणूस, त्यांनी समजावलं. वेळेला कुणाच्याच कामाचा नाही. मग उन्हाळीत पुन्हा पोटजाती. एक रस्त्यावर चालणारा, एक शर्यतीच्या मैदानात चालणारा, आणि एक रस्त्यावर चालतो पण ज्याचं मन मैदानात असतं तो. मंडळातल्या नव्वद टक्के सभासदांनी हा तिसरा घेतलेला होता. मैदानात गाडी उतरवलेल्यांचं प्रमाण शून्य टक्के. (अध्यक्ष एकदा मैदानावर गेले होते. तिकीट काढून.)

जातीनंतर गुण बघायचे. पावसात गाडी किती अंतरात थांबते. कडेची भिंत किती ताठ. टायरचा आवाज किती. हा शेवटचा गुण फार महत्त्वाचा, कारण गाडीच्या धुरांड्यातून वाघ गुरगुरल्यासारखा आवाज यावा म्हणून चिरंजीवांनी मुद्दाम वेगळी नळी बसवून घेतली होती. वाघ बोलावा, पण त्याचे पाय वाजू नयेत. आणि सगळ्यात वरचा गुण म्हणजे टायर किती बोलतो. चांगला टायर रस्त्याची खबर थेट हाताला देतो, वळण आलं की काय वाटतंय ते सांगतो. हलका टायर घुमा असतो. तो काय सांगतोय ते ऐकायची तयारी मात्र चालवणाऱ्यापाशी हवी.

"ऐकतात, टायरचं बरोबर ऐकतात," असं सूनबाई म्हणाली. भांड्यांना उद्देशून.

हे सगळं ज्ञान चिरंजीव फोनवर वाचून मिळवत. कचेरीतून येत, एक बूट काढत आणि दुसरा पायात ठेवून खुर्चीत वाचायला बसत. परीक्षणं, परीक्षणांवरची मतं, मतांवरची उत्तरं. एकाने लिहावं, हा टायर लोण्यासारखा आहे. दुसऱ्याने खाली लिहावं, लोण्यासारखा आहे म्हणूनच घेऊ नका. मग लोणी चांगलं की वाईट यावर तिघांनी भांडावं, आणि ते भांडण चिरंजीवांनी बूट न काढता शेवटपर्यंत वाचावं.

"अरे, पानं वाढलीत."

"आलोच, एवढं वाचून होऊ दे."

"पोराचं गणित अडलंय, बघतोस का?"

"आलोच, एवढं वाचून होऊ दे."

"अक्काचा फोन आहे, बोल जरा तिच्याशी. विचारतेय कधी येणार म्हणून."

"आलोच माई, एवढं वाचून होऊ दे."

भाजी पुन्हा एकदा गरम होई. त्यानंतर मात्र माई गरम करत नसे. ती स्वतःच झालेली असे.

शेवटी एकदा चिरंजीव दुकानात गेले. टायरवाला गल्ल्यामागून उठून आला. चिरंजीवांनी डोळे मिटून प्रत्येक टायरला अंगठ्याचं नख लावून पाहिलं. माई भाजीबाजारात भेंडी अशीच मोडून बघे. फरक इतकाच की भेंडीवाली खेकसे, टायरवाल्याने चहा मागवला.

"साहेब, गाडी चालवता कशी? म्हणजे जोरात, मध्यम?" त्याने विचारलं.

चिरंजीवांनी विचार केला. "जबाबदारीने," ते म्हणाले.

"मग हाच," टायरवाला म्हणाला, आणि सगळ्यात महाग तो पुढे केला. त्याच्या नावात काही आकडे होते, काही अक्षरं होती आणि एक हिंस्र जनावर होतं. पुढचे टायर एका मापाचे, मागचे दुसऱ्या मापाचे. पुढचा मागे चालत नाही, डावा उजवीकडे चालत नाही. प्रत्येकाची जागा ठरलेली. कुटुंब असावं तर असं.

टायर घरी आले, पण लगेच बसवता येईनात. असले टायर चढवताना चाकाला ओरखडा पडू न देणारा कारागीर गावात एकच होता आणि त्याला सवड नव्हती. तोवर टायर कुठे ठेवायचे, याचेही नियम आहेत. जागा थंड हवी, अंधारी हवी, ऊन येता कामा नये. अशी खोली घरात एकच होती, ती माईची. आपली खोली थंड नि अंधारी आहे असं माई कित्येक वर्षं सांगत होती. तिची ही गोष्ट आज पहिल्यांदा मान्य झाली, आणि गुण म्हणून मान्य झाली. शिवाय विजेवर फिरणाऱ्या यंत्राजवळची हवा रबराला बाधते, असं मंडळाचं मत होतं. म्हणून माईचा पंखा बंद ठेवण्यात आला. माई चार टायरांच्या मधोमध आपल्या खाटेवर पदराने वारा घेत पडून राही. पाहुणे आलेत म्हटलं की माणूस सोसतो.

अक्काचा फोन आला. "रविवारी सकाळी निघायचं ठरलं. येतेस ना?"

"टायर आलेत," माई म्हणाली.

"टायर येणार का मला भेटायला?"

"तू गप गं. येते म्हटलं ना!"

शुक्रवारी कारागिराने टायर चढवले. त्यानंतर चाकं सरळ रेषेत आणायची असतात, आणि तीही रिकाम्या गाडीची नाही. गाडीत जे बसणार त्यांचं वजन आत ठेवून चाकं जुळवली तरच काम चोख होतं, असं मंडळाचं म्हणणं. "शेजारी कोण बसणार?" कारागिराने विचारलं. "आई," चिरंजीव म्हणाले. हे त्यांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा, खरं सांगायचं तर, माईला बरं वाटलं. लेकाच्या गाडीची चाकं आपल्या वजनाने जुळवली जाणार, हे अक्काला सांगण्यासारखं होतं. लग्नानंतर तिने आपलं वजन कुणाला कळू दिलं नव्हतं; ते तिने सगळ्यांना भिंतीकडे तोंड करायला लावून काट्यावर उभं राहून दिलं. बरोबर तेवढी वाळू पोत्यात भरली गेली. पोतं माईच्या जागेवर बसवलं, पट्टा लावला. वाळूने कातडी आसन खराब होऊ नये म्हणून पोत्याला वरून काहीतरी लपेटायला हवं होतं. खुंटीवर माईची वांगी रंगाची शाल होती, अक्काने दिलेली, अक्काकडे जाण्यासाठीच काढून ठेवलेली. चिरंजीवांनी ती ओढली. गाडीसाठी हवीय म्हणाले, म्हणून माईनेही ती नेऊ दिली. तिला वाटलं, आपल्यासाठी बैठक मांडताहेत.

शनिवारी दुपारी माई वेणीफणी करून, डबा भरून, पिशवी घेऊन दाराशी आली. गाडी सुरू होती. वाघ गुरगुरत होता. माईच्या जागेवर माईची शाल लपेटून पोतं बसलेलं होतं.

"हे उतरव की आता," माई म्हणाली.

"माई, ऐक." चिरंजीवांनी काच खाली केली. "नव्या टायरवर साच्यातला बुळबुळीत थर असतो. तो जाईपर्यंत पकड नसते. हळूहळू, नरम हाताने, जोरात ब्रेक न दाबता टायर मुरवावा लागतो. मी आत्ता मुरवून आणतो, आलो की लगेच तुला नेतो."

"उद्या सकाळी अक्का निघते रे."

"म्हणून तर आत्ता चाललोय!"

"मग पोतं काढ नि मला बसव. वजन तेवढंच आहे म्हणतोस ना?"

"वजन तेवढंच, पण पोतं हलत नाही, बोलत नाही, घाबरत नाही. आणि गाडी घसरलीच कुठे, तर पोत्याला काय होणार? तुझ्यासाठीच करतोय गं सगळं!"

यावर आईने काय बोलावं? द्वेषाने मागे ठेवलेला माणूस भांडू शकतो. मायेने मागे ठेवलेल्याला तक्रारीची सोय नसते. गाडी गेली. माई पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसली. सूनबाईने दोनदा येऊन पाहिलं, तिसऱ्यांदा चहा आणून ठेवला आणि तीही शेजारी बसली.

ऊन उतरल्यावर चिरंजीव परतले. तोंडावर तेज होतं.

"माई, काय टायर आहे! अक्कामावशीच्या गावाचाच रस्ता घेतला, तीच वळणं सगळ्यात चांगली. तिच्या दारावरून असा पाण्यासारखा गेलो!"

"दारावरून? आणि थांबला नाहीस?"

"मुरवताना ब्रेक दाबायचा नसतो, माई. सांगितलं ना."

"बरं, चल आता. निघू या."

चिरंजीवांचा चेहरा पडला. पहिल्यांदा तापलेल्या टायरला पूर्ण एक दिवस विश्रांती द्यावी, म्हणजे तो जन्मभर साथ देतो, असं मंडळात आजच कुणीतरी लिहिलं होतं. खरं की खोटं, ते बघायला हवं. "थांब, एवढं वाचून होऊ दे," म्हणून ते खुर्चीत बसले. एक बूट काढला.

तेवढ्यात फोन वाजला.

"काय गं ए!" अक्काचा आवाज दाराबाहेर ऐकू जात होता. "दारावरून जातेस आणि उतरत नाहीस?"



"फाटकाशी उभी होते मी. हात केला. दोन्ही हात केले! तुझी मान हलेल तर शपथ. आणि मी नव्हतेच म्हणू नकोस, शाल मी ओळखणार नाही? मीच घेतलेली."

माईसमोर दोन वाटा होत्या. लेकाच्या गाडीत आईला जागा आहे, पण सध्या तिथे वाळू बसते, असं सांगायचं, ही एक. आणि मीच होते, माज आला होता म्हणून उतरले नाही, ही दुसरी. पहिली खरी होती. अब्रूदार माणसाने कुठली घ्यावी हे सांगायला नको.

"घाईत होतो," माई म्हणाली. "त्यात माझी मान अवघडली होती."

"ते दिसलंच. नुसती पोत्यासारखी बसली होतीस." मग अक्का जरा थांबली. "जाऊ दे. दिसलीस ना. मला वाटलं होतं, दिसायची नाहीस आता."

फोन ठेवला.  सख्खी बहीण कायमची जाताना पोत्याला हात करून चालली होती, आणि तेवढ्यावर समाधान मानत होती.

"अरे," माईने हाक मारली.

"आलोच, एवढं वाचून होऊ दे."

माई बाहेर गेली. गाडीचं दार उघडून तिने पोत्यावरची शाल काढली, अंगावर घेतली, आणि सरळ बसथांबा गाठला. सूनबाई मागून डबा घेऊन धावत आली. संध्याकाळची बस लागलेली होती. तिच्या टायरवर केस सोडा, रेघ नव्हती. कडा तडकलेल्या, वय विचारायची सोय नाही. ते टायर कुठल्या जातीचे होते, किती बोलत होते, कुणी ऐकत होतं की नाही, याची कुठे नोंद नाही. बस वेळेत पोचली.

अक्काने दार उघडलं. मागे बांधलेल्या पेट्या, उघड्या भिंती.

"तू? आता गं कशी?"

"मघाशी उतरायचं राहिलं," माई म्हणाली.

अक्काने तिच्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर पिवळं काही नव्हतं. माईने तोऱ्यात शाल काढून झटकली, आणि झाडून-पुसून ठेवलेल्या फरशीवर वाळू सांडली. बरीच सांडली. अक्काने वाळूकडे पाहिलं. मग माईकडे पाहिलं. मग आत जाऊन केरसुणी आणली आणि एक अक्षर न बोलता ती वाळू भरून बाहेर टाकली. थोरली ती थोरलीच.

"गाडी छान आहे हो," केरसुणी ठेवून अक्का म्हणाली. "फार पळत नाही वाटतं."

"ताकद आहे," माई म्हणाली. "दाखवत नाही."

अक्काने तोंडाला पदर लावला. मग माईनेही लावला. मग दोघींनी पदर सोडून दिले आणि पेट्यांवर बसून डबा उघडला.

इकडे चिरंजीवांचं वाचून झालं. एक दिवसाची विश्रांती हवीच असं काही नाही, असा बहुमताचा निर्णय निघाला. ते आनंदाने उठले, दुसरा बूट काढायचा राहिला होता तो तसाच ठेवला, आणि गाडीची किल्ली घेऊन बाहेर आले. "चल माई, निघू या," ते म्हणाले. पायरीवर कोणी नव्हतं. गाडीत पट्टा लावलेलं पोतं तेवढं सरळ पुढे बघत बसलं होतं. न हलता, न बोलता, न घाबरता.

चिरंजीवांना हसणं सोपं आहे, आणि हसावंच. पण तुम्ही ही गोष्ट वाचायला बसलात तेव्हा आतून कुणीतरी हाक मारली होती. तुम्ही म्हणालात, "आलोच, एवढं वाचून होऊ दे."

झालं वाचून. आता उठा नि पायरीवर कोणी आहे का बघा.